मूठभर तूस

डॉक्टर येणार म्हटलं की प्रत्येक पोल्ट्रीवाला मेलेल्या कोंबड्या शेडच्या दाराशी पोत्यावर मांडून ठेवतो. त्या मी बघतेच. पण कॉक्सिडिओसिसचा, म्हणजे कोंबडीच्या आतड्यातल्या परजीवी रोगाचा (बोलताना नुसतं कॉक्सी), अंदाज घ्यायचा असेल तर मला जिवंत पक्षी लागतात. दाणा खाणारे, पाणी पिणारे, ना सगळ्यांत जड ना सगळ्यांत हलके, तीन-चार आठवड्यांचे. एका शेडमधून पाच. नवा माणूस असला तर बिचकतो. "डॉक्टरम्मा, ही तर चांगली आहेत," असं कळवळून म्हणतो. चांगली आहेत म्हणूनच हवीत. मेलेल्या पक्ष्याचं आतडं चेन्नईच्या उकाड्यात काही तासांत सडायला लागतं, आणि मग त्यात आधी काय होतं ते कळेनासं होतं. शिवाय मेलेला पक्षी शेडमधल्या सगळ्यांत दुबळ्या पक्ष्याची हकिकत सांगतो. मला उरलेल्या पाच हजारांची हवी असते.

धडधाकट दिसणारा पक्षी मारणं मला आजही जड जातं. म्हणून त्याच्या शरीरातलं काहीही न पाहता टाकायचं नाही, असा नेम ठेवला आहे.

आतडं वरून खाली वाचत जायचं. गिझार्डच्या पुढे स्वादुपिंडाला कवेत घेतलेला पहिला वळसा, तो न चिरता आधी उजेडात धरायचा. आयमेरिया असर्व्युलिना असेल तर बाहेरूनच आडव्या पांढऱ्या रेघा दिसतात. मग कात्रीने उभं चिरायचं आणि क्षणभर हात आवरायचा. निरोगी आतड्याच्या कडा आपोआप आत वळतात. रोगाने ढिलं पडलेलं आतडं सपाट पसरून राहतं. ही खूण मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती जखम दिसण्याच्या आधी दिसते. पुढे मधल्या भागात, पिल्लू अंड्यात असताना बलकाची पिशवी जिथे जोडलेली होती त्या बारक्या देठाच्या आसपास, आयमेरिया मॅक्झिमा असते. तिथे कधी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, कधी नारिंगी झाक असलेला चिकट स्राव, आणि पुष्कळदा डोळ्यांना काहीच नाही. म्हणून तिथलं अस्तर खरवडून काचेवर घ्यायचं, मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. मॅक्झिमाची अंडी मोठी, तीसेक मायक्रॉन लांब; एकदा ओळख झाली की चुकत नाहीत. शेवटी सिका, म्हणजे आंधळ्या आतड्यांची जोडी. आयमेरिया टेनेला तिथली. रक्ती हगवण म्हणून शेतकरी जिला ओळखतात ती हिची.

प्रत्येक भागाला शून्य ते चार गुण द्यायचे. ही पद्धत जॉन्सन आणि रीड यांनी १९७० मध्ये मांडली आणि जगभर अजून तीच चालते. अनुभव वाढतो तसा गुण देणारा हात थंड होत जातो, एकाच्या जागी दोन देत नाही. वेपेरीच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेताना आमच्याकडून हे पुन्हा पुन्हा करून घेतलं जाई. एकाच आतड्याला दोघींनी वेगवेगळे गुण दिले तर तिसरीने निवाडा करायचा. मी त्याआधी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली. ते १८८६ चं, वेपेरीचं १९०३ चं. परळला गायी-म्हशी, कुत्री, घोडे पुष्कळ पाहिले. कोंबडीचं आतडं वाचायला मात्र वेपेरीने शिकवलं. मग इथलीच झाले. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातल्या आणि त्यापलीकडे आंध्रच्या सीमेपर्यंतच्या ब्रॉयलर शेडमध्ये फिरणं हाच माझा धंदा.

ज्या जिवासाठी एवढा खटाटोप, तो आयमेरिया एकपेशीय. लेव्हनहुकने १६७४ मध्ये सशाच्या पित्तात जे सूक्ष्म लंबगोल कण पाहिले, ते याच्याच एका भावंडाचे होते, असं मानलं जातं. कोंबडीतल्या जाती नीट वेगळ्या करण्याचं मोठं काम अमेरिकेत टायझरने १९२९ मध्ये केलं. विष्ठेतून पडणारी या जिवाची जाड कवचाची अंडी, म्हणजे ऊसिस्ट, पडल्या पडल्या निरुपद्रवी असतात. पिकल्याशिवाय त्यांच्यात रोग देण्याचं बळ येत नाही, आणि पिकायला तीन गोष्टी लागतात: ओल, हवा आणि ऊब. अठ्ठावीस-तीस अंश तापमान असेल तर एक-दोन दिवसांत पिकतात. पिकलेल्या अंड्यात आठ जीव. पक्षी लिटर, म्हणजे शेडच्या जमिनीवर अंथरलेला तुसाचा थर, टोचतो, अंडं पोटात जातं, गिझार्ड त्याचं कवच भरडतं, पित्त आणि पाचकरस उरलेलं काम करतात आणि ते आठ जण आतड्याच्या पेशींमध्ये शिरतात. पेशीत वाढतात, फुटतात, शेकडो होऊन शेजारच्या पेशींत शिरतात, पुन्हा फुटतात. टेनेलाची दुसरी पिढी आतड्याच्या अस्तरात खोल जाऊन फुटते, म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी रक्त दिसतं. सातव्या दिवशी नवी अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. असर्व्युलिनाला तर चारच दिवस पुरतात.

पक्ष्याच्या अंगातलंच यंत्र त्याच्याविरुद्ध वापरलं जातं, याचं मला अजून नवल वाटतं. गिझार्ड नसतं, पित्त नसतं, तर ते कवच उघडलंच नसतं.

चेन्नईचं हवामान या जिवाला बारा महिने मानवतं. महाराष्ट्रात पनवेल-कर्जतकडच्या शेडना जून ते सप्टेंबर जपावं लागतं, थंडीत जरा उसंत मिळते. इथे थंडी नावालाच. पारा विशीच्या खाली क्वचित जातो, समुद्रावरून येणारी दमट हवा एप्रिल-मेमध्येही शेडमध्ये भरून राहते, आणि खरा पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून तिरपा. पूर्व-पश्चिम लांबीच्या शेडची उत्तर बाजू त्या पावसाच्या थेट तोंडी. पडदा सोडावा तर आत अमोनियाने डोळे चुरचुरतात, वर घ्यावा तर लिटर भिजतं. त्यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे: पडदा खालच्या बाजूला पक्का करायचा आणि वरून उघडायचा, म्हणजे पावसाची झड अडते आणि गरम दमट हवा वरून निघून जाते. ज्या शेडमध्ये पडदा वरून टांगून खालून वर गुंडाळायचा आहे, तिथे नोव्हेंबरात मी लिटर न पाहताच सांगू शकते की उत्तरेकडच्या चार फुटांच्या पट्ट्यात काय झालं असेल.

रक्त दिसलं की शेतकरी धावत येतो, फोन करतो, औषध आणतो. माझी काळजी त्या दिवसाची नसते. टेनेला आरडाओरडा करून येते, तिला ओळखायला डॉक्टर लागत नाही. असर्व्युलिना आणि मॅक्झिमा गुपचूप बसतात. पक्षी खातो, हिंडतो, मरत नाही. फक्त खाल्लेलं अंगी लागत नाही. पाय फिके पडतात, कारण दाण्यातला पिवळा रंग शोषला जात नाही. कळपात उंचसखलपणा येतो. आणि आतड्याच्या त्या सोललेल्या अस्तरावर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सला आयती जागा मिळते, मग दुसराच रोग उभा राहतो, आणि त्याचं खापर कोणी कॉक्सीवर फोडत नाही.

भारतातल्या नुकसानीचा एक हिशेब २००३-०४ या वर्षासाठी झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ११४ कोटी रुपये, त्यातलं ९५.६१ टक्के ब्रॉयलरचं. त्यापुढची विभागणी मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे: ६८.०८ टक्के वजन कमी भरल्यामुळे, २२.७० टक्के दाणा जास्त लागल्यामुळे. मरतूक, औषधं आणि बाकी सगळं उरलेल्यात. जगाचा हिशेब २०२० मध्ये डेमर ब्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने मांडला. २०१६ च्या किमतींनी वर्षाला सुमारे १०.४ अब्ज पौंड, म्हणजे जगात वाढवल्या जाणाऱ्या दर कोंबडीमागे सोळा पेन्स. एवढ्या मोठ्या आकड्याने शेतकऱ्याला काही कळत नाही, म्हणून मी त्याच्या अंगणात बसून छोटा हिशेब करते. दोन किलोचा पक्षी. एफसीआर, म्हणजे एक किलो वजनामागे लागणारा दाणा, १.६ च्या जागी १.७ लागला. पक्ष्यामागे दोनशे ग्रॅम दाणा जास्त. पाच हजार पक्षी म्हणजे एक टन, पन्नास किलोची वीस पोती. ती वीस पोती कुठे गेली, हे कोणत्याही मरतुकीच्या रजिस्टरमध्ये सापडत नाही.

आता लिटर. या विषयावर मी तासभर बोलू शकते आणि बोलते.

शेडमध्ये शिरल्यावर मी आधी वाकते आणि मूठभर तूस उचलून दाबते. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. काहीच न धरता फुफाट्यासारखं घरंगळलं तर फार कोरडं आहे. गोळा होऊन हळूहळू मोडला तर ठीक, वीस-पंचवीस टक्के ओल. हे शेडमध्ये एका जागी करून भागत नाही. दाराशी, मध्यभागी, पाण्याच्या रांगेखाली, उत्तरेच्या भिंतीशी, अशा मुठी घ्याव्या लागतात, आणि एकाच शेडमध्ये चार हवामानं असतात हे हाताला कळतं.

पाण्याच्या रांगेखालची मूठ बहुतेक वेळा सगळी गोष्ट सांगून टाकते. रांगेतलं पाणी पाजणारं निपल पक्ष्याच्या उंचीपेक्षा खाली असेल तर तो मान तिरकी करून पितो आणि अर्धं पाणी सांडतो. मान थोडी ताणून वर करावी लागेल एवढी उंची हवी, आणि पिल्लू रोज वाढतं म्हणजे रांगही सतत वर गेली पाहिजे. हे इतकं साधं आहे की सांगायला संकोच वाटतो, तरी निम्म्या शेडमध्ये रांग आठवडाभर तिथेच असते. मींजूर-पोन्नेरीच्या बाजूला आणखी एक अडचण. तिथल्या भूजलात अनेक दशकांपासून समुद्राचं पाणी शिरलेलं आहे. बोअरचं पाणी मचूळ, ते प्यायलेले पक्षी जास्त पाणी पितात, विष्ठा पातळ पडते, लिटर ओलं राहतं. तिथे कॉक्सीवर औषध लिहून देण्याआधी मी पाण्यातल्या क्षारांची तपासणी करायला लावते. फीडमधल्या मिठाचाही हिशेब त्या पाण्याप्रमाणे करावा लागतो. हे आधी कळायला हवं, पण कंपनीचा फीड फॉर्म्युला सगळ्या जिल्ह्यांना एकच असतो.

इथे भाताचं तूस मिळतं आणि नारळाच्या काथ्याचा भुसाही मिळतो. काथ्याचा भुसा वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो. शेतकऱ्याला ते बरं वाटतं, कारण वरून कोरडं दिसतं. पण एकदा भिजला की पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही. वाळवून आणलेला असेल आणि रोज हलवणार असाल तरच तो घ्यावा, नाहीतर तूस बरं. भुईमुगाच्या टरफलांना बुरशीचं भय असतं, ती मी सुचवत नाही.

लिटर हलवणं पहाटे करायचं, ऊन चढण्याआधी. उत्तुकोट्टै भागातल्या एका शेडवर हे काम करणाऱ्या अक्का मला नेहमी आठवतात. लोखंडी दात्याने त्या अशा हळू ओढत पुढे जात की पिल्लं घाबरून एका कोपऱ्यात चेंगरत नसत. ढेकूळ होऊन कडक झालेला थर त्या फोडून खाली मिसळत नसत. घमेल्यात भरून बाहेर नेऊन टाकत, आणि त्या जागी कोरडं तूस पसरत. तो थर खाली गाडला की ओल आणि अंडी दोन्ही आतच राहतात. कोणी शिकवलं, विचारलं तर म्हणाल्या, "वास येतो ना खालून. वास आहे ते बाहेर काढायचं." त्यांच्या शेडमधल्या पक्ष्यांना मी दोनच्या वर गुण दिल्याचं मला आठवत नाही. चुना मारण्याबाबत त्यांचाही एक गैरसमज होता, जो सगळीकडे आहे: चुन्याने कॉक्सीचे जंतू मरतात. कॉक्सीची अंडी नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत, चुना फार तर ओल शोषतो. अमोनियाचं तीव्र द्रावण आणि आग, ही शस्त्रं त्यांच्यावर चालतात. म्हणून रिकाम्या शेडच्या जमिनीवरून फ्लेमगन फिरवायची, भेगा बुजवायच्या आणि मग थांबायचं.

आणि तरीही मला लिटर ठणठणीत कोरडं नको असतं. ज्या शेडमध्ये पहिल्या दोन आठवड्यांत एकही अंडं पिकलं नाही, तिथल्या पिल्लांना या जिवाची ओळखच होत नाही. चौथ्या आठवड्यात पाऊस आला, लिटर भिजलं, की तीच पिल्लं एकदम कोलमडतात. या रोगावरची प्रतिकारशक्ती थोड्या थोड्या संसर्गातून, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक जातीची वेगळी तयार होते. टेनेलाने घडवलेली शक्ती मॅक्झिमापुढे उपयोगाची नाही. विरजण जसं बेताचं लागतं तसा हा संसर्ग बेताचा हवा. तो बेत राखणं हेच माझ्या कामाचं सार आहे असं मी मानते, आणि 'कॉक्सीमुक्त शेड' असं कोणी अभिमानाने सांगितलं की मला काळजी वाटते.

औषधांकडे याच नजरेने पाहायला हवं. १९४८ पासून सल्फाक्विनॉक्सालिन दाण्यातून दिलं जाऊ लागलं, पुढे निकार्बाझिन, अ‍ॅम्प्रोलियम आले. ही रासायनिक औषधं जोरकस, पण जंतू त्यांना लवकर सरावतात. १९७१ मध्ये अमेरिकेत मोनेन्सिन बाजारात आलं आणि ब्रॉयलरचा धंदा त्याच्या आधारावर वाढला. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जीवाणूपासून मिळणारं हे द्रव्य परजीवीच्या आवरणातून सोडियम आत ओढतं. तो फुगतो आणि फुटतो. सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन त्याच कुळातली. या कुळाचं वैशिष्ट्य असं की ती सगळे परजीवी मारत नाहीत. थोडे निसटतात, आणि तेच निसटलेले पक्ष्याला शिकवतात. पन्नास वर्षं ही औषधं टिकली, त्यामागे हेही एक कारण आहे.

सुरुवातीच्या दाण्यात एक औषध, वाढीच्या दाण्यात दुसरं, आणि काही महिन्यांनी सगळा संचच बदलायचा, ही रीत चांगली आहे. पण औषध बदलण्याचा निर्णय आतडं न बघता, विक्रेत्याच्या सांगण्यावरून घेतला जातो, याला माझा सक्त विरोध आहे. गुण एक-दीडच्या आत असतील तर चालू औषधाला हात लावू नये. आणि ज्या शेडमध्ये दाण्यातून मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा नरासिन चालू आहे, तिथे श्वसनाच्या आजारावर टायामुलिन देऊ नये. यकृत त्या दोहोंचा एकत्र निचरा करू शकत नाही, पक्षी पाय पसरून पडतात आणि लोक त्याला नवा रोग समजतात. रक्त दिसल्यावर पाण्यातून टोल्ट्राझुरिल दोन दिवस द्यावं. अ‍ॅम्प्रोलियम देत असाल तर ते संपेपर्यंत बी-१ जीवनसत्त्वाचं टॉनिक थांबवावं, कारण ते औषध त्याच जीवनसत्त्वाचं सोंग घेऊन परजीवीला उपाशी मारतं.

लस आहे, आणि जुनी आहे. एडगर यांनी अमेरिकेत १९५२ मध्ये पहिली लस बाजारात आणली, जिवंत परजीवींची. पुढे लवकर पिकणाऱ्या, म्हणून सौम्य झालेल्या वाणांच्या लसी आल्या. ब्रीडर पक्ष्यांत त्या रुळल्या आहेत. ब्रॉयलरचं आयुष्य पाच-सहा आठवड्यांचं; त्यातले तीन आठवडे प्रतिकारशक्ती घडण्यात गेले तर वजन भरून काढायला वेळ उरत नाही, आणि दर पिल्लामागे लसीचा खर्च येतो तो वेगळा. तरीही पुढची वाट तिकडेच जाते असं मला वाटतं. वेपेरीच्या महाविद्यालयातल्या, लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या आणि उत्तरेतल्या संशोधकांनी मिळून भारतातल्या फार्मवरचे नमुने तपासले, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. कुठल्या भागात आणि कुठल्या पद्धतीच्या फार्मवर कोणत्या जाती सापडतात यात फरक आहे, हे त्यातून दिसलं. २०२१ मध्ये कोंबडीतल्या सात जातींत लाटा, नागाम्बी आणि झारिया या तीन नव्या जातींची अधिकृत भर पडली, आणि सध्याच्या लसी त्यांना पूर्ण रोखत नाहीत हेही कळलं. म्हणून माझ्याकडे येणारे खरवडीचे नमुने मी फेकत नाही, नाव-तारीख घालून जपते. कुठल्या गावात काय फिरतंय हे माहीत नसताना लस निवडणं मला पटत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि त्यावर मला स्पष्ट बोलायचं आहे. तामिळनाडूत बहुतेक ब्रॉयलर कराराने वाढवले जातात. उदुमलपेट-पल्लडमकडे रुजलेली ही पद्धत आता सगळीकडे आहे. पिल्लं, दाणा, औषधं आणि देखरेख कंपनीची. शेड, वीज, पाणी, मजुरी आणि तूस शेतकऱ्याचं. कॉक्सीचं नुकसान एफसीआरमध्ये उतरतं आणि एफसीआरवरून शेतकऱ्याचा मोबदला ठरतो. म्हणजे ओल्या लिटरचा दंड शेतकरी भरतो, आणि लिटर कोरडं ठेवायचा खर्चही तोच करतो. ईशान्य मोसमात कोरडं तूस मिळत नाही, मिळालं तर महाग. त्याच दिवसांत बाजारभाव चढला की दोन बॅचमधली रिकामी मुदत दोन आठवड्यांवरून एकावर येते, कधी त्याहून कमी. पिल्लांची गाडी दारात उभी असते आणि जमीन अजून ओलसर असते. त्या पिल्लांना आठव्या दिवशी काय होणार हे पर्यवेक्षकाला माहीत असतं, शेतकऱ्याला माहीत असतं.

ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत तुसाचा निम्मा खर्च कंपन्यांनी उचलावा आणि चौदा दिवसांची रिकामी मुदत करारात लिहून द्यावी, असं मी प्रत्येक बैठकीत मांडते. वीस पोत्यांचा तो छोटा हिशेब तिथेही करून दाखवते. तोट्यातला दाणा शेवटी कंपनीचाच असतो. आतड्याच्या गुणांच्या शेजारी मी आता अहवालात आणखी दोन रकाने भरते: मुठीतल्या लिटरची अवस्था आणि आधीच्या बॅचनंतर शेड किती दिवस रिकामी होती. तीन रकाने एका ओळीत आले की औषधाचं नाव विचारण्याआधी वाचणाऱ्याला मधला रकाना दिसतो. एका कंपनीच्या दोन शाखांनी गेल्या मोसमात ते रकाने आपल्या नमुन्यात छापून घेतले.